जुनं नाट्यगृह दुरुस्त करायचंय? आधी मंगळवारचं बोला

मागच्या अंकात आपल्या गांधी हॉलवर चार ओळी लिहिल्या होत्या, की १९०४ सालची ही वास्तू, तेव्हाचं नाव किंग एडवर्ड हॉल, १९४८ मध्ये गांधी हॉल झालं आणि जुने इंदूरकर अजूनही तिला घंटाघरच म्हणतात. तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर जुन्या नाट्यगृहांनाच देऊन टाकलंय. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, चार निवडलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण त्यातला प्रश्न मला गेली कितीतरी वर्षं छळतोय.

प्रश्न : ताई, आम्ही राहतो लोकमान्य नगरात पण मूळ गाव इथून दोन तासांवर, लहानसं, नाव छापू नका. गावात संस्थानाच्या काळातलं नाट्यगृह आहे, लाकडी बाल्कनी, कौलारू छप्पर, तीनेकशे माणूस बसेल एवढं. बारा वर्षं झाली बंद पडलंय. आता ट्रस्टवर नवी मंडळी आलीत, माझा चुलतभाऊ पण आहे, आणि थोडे पैसे जमलेत. पण दोन तट पडलेत. एक म्हणतात होतं तसंच उभं करू. दुसरे म्हणतात नाटकं आता बघतं कोण, मंगल कार्यालय करा म्हणजे खर्च तरी निघेल. कोणाचं बरोबर? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाहीये आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. मंगळवारी संध्याकाळी त्या नाट्यगृहात कोण असणार? उद्घाटनाचं सोडा, तो दिवस छानच होतो, पाहुणे येतात, नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, सगळं गाव लोटतं. रविवारचंही काहीतरी जमेल. पण मंगळवारी दिवा कोण लावणार, ते दोन्ही तटांना विचारा आणि दोघांनाही उत्तर देता येतंय का बघा.

हे मी का म्हणते ते सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी अशाच एका लहान गावात गेले होते, तिथलं थिएटर इतकं सुंदर केलेलं की दारातच डोळे भरून आले, कमानीवरची वेलबुट्टी परत रंगवलेली, खुर्च्यांना लाल मखमल, पितळी कड्या लखलखीत, आणि आत पाऊल टाकलं तर वास आला बंद घराचा. किल्ली एकाच माणसाकडे, तो शेतावर गेलेला, त्याला फोन करून बोलावलं तेव्हा दार उघडलं. उद्घाटनाला दीड वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात सात कार्यक्रम. विंगेत खिळ्याला उद्घाटनाचा हार वाळून तसाच लटकत होता. त्या रात्री मला झोप नाही लागली. पैसे खर्च झाले होते, कारागीर चांगले मिळाले होते, कामात कुठे खोट नव्हती, फक्त त्या गावात नाटक करणाऱ्या पोरांना, भजनी मंडळाला, शाळेच्या बाईंना कोणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय लागतं, कधी लागतं आणि किती भाडं झेपतं.

आता उलटं उदाहरण. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये रिचमंड म्हणून गाव आहे, वस्ती आठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मोठं खेडंच म्हणा. तिथे सॅम्युएल बटलर नावाच्या नटाने १७८८ मध्ये थिएटर बांधलं. हा माणूस आपली कंपनी घेऊन गावोगाव फिरायचा, अगदी आपल्या नाटक मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन सांगली, पुणे, बडोदा, इंदूर करायच्या तसा. पुढे प्रेक्षक आटले आणि १८४८ मध्ये ते बंद पडलं. मग खाली दारू साठवायची तळघरं, वर लिलावाचा हॉल, महायुद्धात भंगाराचं कोठार, सगळं होऊन गेलं त्याचं. पण पाडलं नाही कोणी, म्हणून वाचलं. १९६३ मध्ये लोकांनी ट्रस्ट करून ते परत उघडलं, २००३ मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. आज तिथे दोनशे माणसंसुद्धा बसत नाहीत, तरी ते चालतंय. का? तर बाहेरून येणाऱ्या कंपन्यांचे प्रयोग आहेतच, पण गावातल्या हौशी मंडळींचे पण होतात, मुलांचा स्वतःचा नाटकाचा ग्रुप तिथे भेटतो, आणि दिवसा गावातलेच स्वयंसेवक पाहुण्यांना विंगेपासून बाल्कनीपर्यंत फिरवून सगळं दाखवतात. म्हणजे तिथला मंगळवार भरलेला आहे.

लांब कशाला, शिमल्याचं गेइटी बघा. १८८७ मध्ये उघडलं, हेन्री आयर्विन नावाच्या आर्किटेक्टने बांधलेलं, मूळची इमारत पार पाच मजली होती पण ते वजन पेलेना म्हणून १९११ च्या सुमारास वरचे मजले उतरवावे लागले. वेद सेगन या आर्किटेक्टच्या देखरेखीखाली अनेक वर्षं दुरुस्ती चालली आणि २००९ मध्ये ते परत सुरू झालं. मला तिथलं सगळ्यात शहाणपणाचं काय वाटतं, तर त्यांनी नुसतं थिएटर नाही उघडलं. त्याच इमारतीत चित्रांच्या प्रदर्शनाची जागा आहे, दुसरा बहुउद्देशीय हॉल आहे. नाटक नसलं तरी माणसं आत येतात, आणि एकदा आत आलेला माणूस पुढचा बोर्ड वाचून जातो.

मंगल कार्यालयाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. लग्नाला सपाट जमीन लागते, पंगती बसवायच्या, स्टेजवर खुर्च्या मांडायच्या. नाट्यगृहाची जमीन मागून पुढे उतरती असते, म्हणूनच शेवटच्या रांगेतल्या काकूंना नटाचे पाय दिसतात. एकदा ती भरून सपाट केली की ते नाट्यगृह संपलं, मग वरची कमान कितीही रंगवा. शिवाय हळद, तेल, वाफ, आचाऱ्यांच्या भट्ट्या, हे सगळं लाकडी इमारतीत? मला कल्पनाही करवत नाही. बाहेर अंगण असेल तर तिथे साखरपुडा, बारसं, मुंज खुशाल होऊ द्या, त्याचे पैसे घ्या.

आणि पैशाचं म्हणाल तर इंदुरात राहून तुम्हाला सानंद ही मराठी नाटकं आणणारी संस्था माहीत नाही असं होणार नाही. वर्षाची वर्गणी आधी भरायची, सभासदांचे गट पाडलेले, मामा मुजुमदार, राहुल बारपुते अशी त्या गटांना आपल्याच माणसांची नावं, आणि मुंबई-पुण्याहून आलेल्या नाटकाचे गटागटाने लागोपाठ प्रयोग. नाटक यायच्या आधीच पैसे जमलेले असतात, म्हणून पुढचं ठरवता येतं. हेच लहान प्रमाणात करा ना. समजा वीज, पगार, साफसफाई धरून महिन्याला साठ हजार लागतात. गावातली आणि गाव सोडून इंदूर-पुण्याला आलेली मिळून चारशे घरं, दर घरी महिन्याचे दीडशे रुपये, झाले की साठ हजार. तुमच्यासारखे गाव सोडलेले लोक हे आनंदाने देतात, फक्त वर्षाच्या सुरुवातीला कार्यक्रमांचा कागद हातात पडायला हवा, नुसतं पावतीपुस्तक घेऊन दारात उभं राहायचं नाही.

म्हणून चुलतभावाला सांगा, टेंडर काढायच्या आधी एक मोठा कागद घे आणि त्यावर आठवड्याचे सात दिवस आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ असे एकवीस चौकोन आख. मग गावात फिर. संगीताच्या मास्तरांना सकाळ हवी का, भजनी मंडळाला दुपार हवी का, तालमीला पोरं किती वाजता मोकळी होतात, शाळांची गॅदरिंगं कुठल्या महिन्यात, वाचनालयाला व्याख्यानमाला घ्यायची आहे का. निम्मे चौकोन भरले तरी मी म्हणेन बिनधास्त काम सुरू करा. तालमीचा दर प्रयोगाच्या दरापेक्षा खूप कमी ठेवा, तालमीला चार साध्या ट्यूबलाइटी पुरतात, एसी लागत नाही, स्पॉट लागत नाहीत. आणि पगार देऊन एक माणूस नेमा ज्याच्याकडे किल्ली असेल आणि जो फोन उचलेल. ट्रस्टी मंडळी कितीही चांगली असली तरी आपापल्या नोकऱ्या-दुकानांत असतात, त्यांच्याकडून रोजचं दार उघडणं होत नाही, मी खूप ठिकाणी बघितलंय.

प्रश्न : कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाची आग टीव्हीवर बघितली तेव्हा आमच्या घरी दोन दिवस कोणाला काही सुचत नव्हतं, सासूबाई तर रडल्याच. मनात येतं की ही लाकडी थिएटरं जपण्यात आपण माणसांचा जीव धोक्यात घालतोय का? सरळ काँक्रीटचं नवीन बांधावं का? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ८ ऑगस्ट २०२४ ची ती रात्र मीही विसरलेली नाही. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, पुढे केशवरावांचं नाव दिलेलं, आणि त्यांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री स्टेज आणि छप्पर जळून गेलं. नाव त्या गायक नटाचं, ज्याने अठराव्या वर्षी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि जो एकतिशीत गेला. म्हणून ते सगळ्यांना इतकं लागलं.

पण काँक्रीट म्हणजे सुरक्षित असं नाही हो. दिल्लीचं उपहार सिनेमागृह काय लाकडी नव्हतं, तिथे १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर वर चढला आणि जादा खुर्च्या टाकून जायच्या-यायच्या वाटा अडवलेल्या होत्या. इमारत कशाची आहे यापेक्षा दारं कुठे आहेत, ती बाहेरच्या बाजूला उघडतात का, खेळ चालू असताना त्यांना कुलूप तर नाही ना, हे बघायला हवं.

नाट्यगृहात जास्त धोका असतो स्टेजवर. कापडी पडदे, रंगवलेले फ्लॅट म्हणजे देखाव्याच्या चौकटी, दोऱ्या, वरती तापलेले दिवे, आणि स्टेजखाली वर्षानुवर्षं कोंबलेलं जुनं सामान. जुन्या पद्धतीचे हजार वॅटचे चाळीस दिवे एकदम लावले की चाळीस किलोवॅटचा लोड होतो, आणि वायरिंग बऱ्याचदा पंख्यांसाठी टाकलेलं असतं, मग त्यावरच दिवे आणि त्यावरच एसी. म्हणून जुनं थिएटर हातात घेतलं की पहिला खर्च रंगाचा नाही, वायरिंगचा. सगळं नवीन, स्टेजचं वेगळं, हॉलचं वेगळं, आणि रात्री जाताना एकाच जागेवरून सगळं बंद करता येईल असं. दिवे एलईडीचे घेतले तर लोड पण कमी आणि उष्णता पण कमी. पडद्याच्या कापडाला आग पटकन धरू नये म्हणून औषधाचा हात देतात, तो धुतल्यावर कमी होतो, परत द्यावा लागतो, हे कंत्राटदार सांगत नाहीत. स्टेज आणि प्रेक्षकांच्या मध्ये आगीला अडवणारा पडदा बसवता आला तर फारच चांगलं. आणि स्टेजखालचं अडगळीचं सामान दिवाळीला घर आवरतो तसं दर वर्षी बाहेर काढायचं.

भाऊराव कोल्हटकर तुमच्या बडोद्याचे, तिथून किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले. ज्या गावाने असा गाणारा नट दिला तिथे जुनी लाकडी स्टेजं धोकादायक म्हणून निकालात निघावीत असं मला वाटत नाही. जपायची, पण डोळे उघडे ठेवून.

प्रश्न : आमच्या समाजाचा जुना हॉल आहे, नाटकाचाच. बजेट मर्यादित आहे. कंत्राटदार म्हणतो सिमेंटचा गिलावा, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, वर फॉल्स सीलिंग आणि एसी, तीन महिन्यांत चकाचक. हो म्हणावं का? — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : थांबवा त्याला. चुन्यात बांधलेल्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. वरून सिमेंट मारलं की ओल आत अडकते, क्षार बाहेर ढकलतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. जुने गवंडी चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचे ते उगीच नाही. आजही चुन्याचं काम करणारे मिळतात, शोधावे लागतात, वेळ जास्त लागतो. पण ग्वाल्हेरच्या जुन्या इमारतींनी इतके उन्हाळे सोसलेत तर तुम्हीही सहा महिने सोसा.

टाइल्सचं आणि सीलिंगचं तर नीट ऐका कारण एकदा चूक झाली की परत निस्तरता येत नाही. जुन्या हॉलमध्ये नट बिनमाइकचा बोलायचा आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं, ते का? लाकडी स्टेज खालून पोकळ असतं, आवाजाला भरीव करतं. लाकडी बाल्कनी, नक्षी, खांब आवाज फोडून पसरवतात. आणि हॉल लहान असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंतीवरून परत आलेला आवाज मूळ आवाजामागून सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा उशिरा आला की कानाला तो वेगळा ऐकू येतो, म्हणजे सतरा मीटरचा जास्तीचा फेरा झाला की प्रतिध्वनी सुरू. गुळगुळीत टाइल्स आणि सपाट सिमेंट लावलं की असे परतणारे आवाज वाढतात, संवाद एकमेकांत मिसळतात, मग माइक येतो, मग माइक वाढवतात, आणि प्रेक्षक म्हणतात पूर्वीची मजा नाही. उलट सगळीकडे कार्पेट आणि मऊ पॅनल लावले तर आवाज मेल्यासारखा होतो, गाणाऱ्याला स्वतःचंच ऐकू येत नाही.

काही करायच्या आधी एक सोपी गोष्ट करा. रिकाम्या हॉलमध्ये एकाला स्टेजच्या मधोमध उभं करून टाळी वाजवायला सांगा, दुसऱ्याने सगळ्या कोपऱ्यांत फिरून ऐका. मग त्याला नेहमीच्या आवाजात नांदी म्हणायला सांगा. जिथे शब्द स्पष्ट येतो तिथली भिंत, तिथलं लाकूड जसंच्या तसं राहू द्या. एसी हवाच असेल, ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हवाच, तर मशिन हॉलपासून लांब ठेवा, त्याची घरघर नाटकातली शांतता खाऊन टाकते, आणि विराम हा पण संवादच असतो हे नाटकवाल्यांना सांगायला नको. पैसे कमी पडले तर खुर्च्यांचं कापड पुढच्या वर्षी बदला. मेकअप रूममधलं बाथरूम मात्र याच वर्षी.

प्रश्न : मी सत्तर ओलांडलेली. लग्न होऊन इंदुरात आले तेव्हापासून नाटकं बघतेय, बाबा डिके आणि नाट्यभारतीच्या मंडळींची कामं बघितलीत. आता गुडघे साथ देत नाहीत, रात्री साडेनऊला सुटलं की रिक्षा मिळत नाही, बाथरूम दोन जिने खाली. जुन्या नाट्यगृहांची दुरुस्ती करताना आमच्यासारख्यांचा विचार करतात का हो? — एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, फार कमी करतात, आणि ते मला बरोबर वाटत नाही. तुम्हीच तर त्या खुर्च्या पन्नास वर्षं भरल्यात. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येक ट्रस्टला माझी विनंती आहे की बायकांचं बाथरूम हॉलच्याच मजल्यावर हवं आणि पुरुषांच्यापेक्षा मोठं हवं, कारण मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं आणि रांग कायम आपल्याच दारापुढे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायरीच्या कडेला अंधारात दिसेल अशी पट्टी, दारापाशी उतार, आणि व्हीलचेअर उभी राहील एवढी जागा शेवटच्या रांगेत ढकलून न देता मधे कुठेतरी. महिन्यातला एक प्रयोग दुपारी चारला ठेवला तर साडेसहापर्यंत उजेडात घरी जाता येतं. काही जण म्हणतात दुपारी कोण येणार, मी म्हणते तुमच्यासारख्या आज्या येतील आणि नातवंडांना घेऊन येतील.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे जुन्या प्रयोगांच्या जाहिराती आणि तिकिटांचे तुकडे डब्यात ठेवलेत आणि घरात कोणाला नकोत. कृपा करून टाकू नका. त्या लोकमान्य नगरच्या दादांच्या गावासारखं एखादं नाट्यगृह उभं राहिलं की दर्शनी भागात काचेच्या कपाटात हेच लावायचं असतं. आमच्या ऑफिसात घेऊन या, खालच्या मजल्यावर बसू, जिना चढावा लागणार नाही, आणि प्रत्येक तुकड्यामागे कुठल्या साली, कोणाबरोबर, कुठल्या रांगेत बसून बघितलं ते तुम्ही सांगा, मी लिहून घेते.